पंडिता रमाबाई सरस्वती

पुणें स्टेशनावरून दौंडाकडे जाणारी आगगाडी धरली म्हणजे हडपसर, लोणी, उरुळी, यवत हीं स्टेशनें मागें टाकीत ती केडगांवास येते. आपल्या बिबवेवाडीपासून हें गांव फारसें दूर नाहीं. तेथें ‘मुक्ति’ नांवाची एक संस्था आहे. अनाथ मुलींना व निराधार स्त्रियांना आसरा देण्याचें तिचें काम शंभराहून अधिक वर्षें चालत आलें आहे. ही संस्था ज्या बाईंनीं स्थापिली त्यांस बालपणीं घर नव्हतें, गांव नव्हतें, आणि शाळा तर नव्हतीच. शाळेचें तोंड न पाहिलेल्या त्या मुलीनें पुढें शेंकडों मुलींसाठीं शाळा उघडली, ही गोष्ट आपणां विद्यार्थ्यांस विचार करावयास लावणारी आहे. म्हणून पंडिता रमाबाईंचें चरित्र ह्या अंकांत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे व्यासंगी होते. तरुणपणीं ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे ह्यांजपाशीं अध्ययन करीत. साठेशास्त्री हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविण्याकरितां वाड्यांत जात असत. एका स्त्रीच्या मुखांतून शुद्ध संस्कृत श्लोक निघतात हें पाहून ह्या शिष्यास मोठा अचंबा वाटला, आणि आपणही आपल्या पत्नीस ही विद्या द्यावयाची असा त्यानें मनाशीं निश्चय केला. पुढें लक्ष्मीबाईंशीं विवाह झाल्यावर त्यांनीं तो निश्चय अमलांत आणिला. स्त्रीस देववाणी शिकविणें हें त्या काळीं मोठें पाप समजलें जाई. घरच्या मंडळींनीं विरोध केला, जातभाईंनीं दोष दिला. शास्त्रीबोवांनीं शास्त्राधारें त्यांस उत्तर दिलें. पण रोजची कटकट नको म्हणून अखेर ते सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ नांवाच्या डोंगरावर जाऊन राहिले. तेथेंच ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. श्रीनिवास हा त्यांचा वडील बंधु व कृष्णाबाई ही वडील बहीण.

शास्त्रीबोवांचें दार अतिथींस व विद्यार्थ्यांस सदैव उघडें असे. दानधर्मांत व तीर्थयात्रांत घरचें वित्त सरलें, आणि रमाबाई अवघ्या कांहीं महिन्यांच्या असतांनाच सर्व कुटुंब यात्रेस निघालें. तान्ह्या रमेस वेताच्या टोपलींत घालून एका मनुष्याच्या डोक्यावर देण्यांत आलें, आणि अशा रीतीनें त्यांचा पहिला प्रवास झाला. तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें एका ठिकाणीं स्थिर राहणें म्हणून त्यांस ठाऊक नव्हतें. आज ह्या क्षेत्रीं, उद्यां त्या क्षेत्रीं. देवळाच्या ओवरींत बसून पुराण सांगावें, श्रोत्यांनीं जें कांहीं समोर ठेवावें त्यावर निर्वाह करावा, असा क्रम असे.

ह्या फिरत्या संसारांत रमाबाईंचें शिक्षण झालें, आणि त्यांच्या गुरु त्यांच्या मातोश्री झाल्या. वडील वृद्ध झाले होते. तेव्हां ज्या पत्नीस त्यांनीं लोकापवाद सोसून शिकविलें होतें तिनेंच आतां ती विद्या मुलीच्या हातीं दिली. दिवसभर घरकामांतून लक्ष्मीबाईंस उसंत मिळत नसे; म्हणून उजाडण्यापूर्वीं त्या झोपाळू मुलीस जवळ घेऊन जागें करीत आणि श्लोक म्हणवून घेत. फळा नाहीं, पाटी नाहीं, पुस्तकही बहुधा नाहीं. आईनें म्हणावें व मुलीनें तिच्यामागून म्हणावें. अशा रीतीनें बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारों श्लोक त्यांस मुखोद्गत झाले. प्रवासांत जी जी भाषा कानीं पडे ती त्या उचलीत. मराठी ही घरची भाषा. तिच्या जोडीस कानडी, हिंदी व पुढें बंगाली ह्या भाषा त्यांस अवगत झाल्या.

पुढें मोठें संकट आलें. दक्षिणेंत दुष्काळ पडला. कुटुंबाजवळचे दागिने, भांडीं, वस्त्रें एकामागून एक विकलीं गेलीं. मोलमजुरी करणें किंवा भीक मागणें हें शास्त्र्याच्या घराण्यास शोभत नाहीं, अशा समजुतीनें तीं माणसें उपाशी राहिलीं. तिरुपतीजवळच्या रानांत अकरा दिवस त्यांनीं पाणी, झाडपाला व रानचीं थोडीं फळें ह्यांवर काढिले. अखेर वृद्ध शास्त्रीबोवांनीं जलसमाधि घेण्याचा विचार केला. तेव्हां श्रीनिवासानें आपला अभिमान बाजूस ठेविला, आणि मी कसलेंही काम करीन पण असें करूं नका, अशी विनवणी करून वडिलांस परत फिरविलें. परंतु शरीरांत त्राण उरलें नव्हतें. १८७४ सालीं शास्त्रीबोवा वारले. प्रामाणिकपणानें वागावें व देवाची सेवा करावी, हाच त्यांचा लाडक्या कन्येस अखेरचा उपदेश होता. थोड्याच दिवसांनीं लक्ष्मीबाईंनींही देह ठेविला. त्यांस स्मशानांत नेण्यास माणसें मिळेनात. मोठ्या मिनतवारीनें दोन ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती उंचीनें लहान असल्यामुळें तिला खांद्यावर भार घेतां येईना, म्हणून आईच्या तिरडीचें आपल्याकडील टोंक तिनें डोक्यावर घेतलें. पुढें लौकरच कृष्णाबाईही पटकीनें वारल्या.

आतां बहीण-भाऊ दोघेंच राहिलीं. त्यांनीं पायीं हिंदुस्थान पालथा घातला. दक्षिणेपासून पंजाब-काश्मीरपर्यंत व तेथून बंगालपर्यंत हजारों मैल तीं चाललीं. अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं, पायांत जोडा नाहीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीनें जीव जाऊं लागला तेव्हां दोघांनीं वाळूंत खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू अंगावर ओढून घेतली व रात्र काढिली. जीं व्रतें व नेम पाळल्यानें देव प्रसन्न होतो असें तीं शिकलीं होतीं तीं त्यांनीं निष्ठेनें पाळलीं होतीं. तरी आईबाप वांचले नाहींत. ह्यामुळें त्यांच्या मनांत नाना शंका उत्पन्न झाल्या. रमाबाईंच्या पुढील आयुष्यांतील धर्मशोधाचें बीज ह्या वाटचालींत पडलेलें आहे.

१८७८ सालीं दोघें कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांची एक मराठी मुलगी संस्कृतांत अस्खलित बोलते, हें पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनीं तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. ठिकठिकाणीं त्यांचीं व्याख्यानें होऊं लागलीं. विषय बहुधा स्त्रीशिक्षण हाच असे. परंतु सुखाचे दिवस आले असें वाटतें न वाटतें तोंच १८८० च्या मे महिन्यांत ढाका येथें श्रीनिवासशास्त्री वारले. दुःखांत व सुखांत बरोबर चाललेला हा एकुलता एक सोबती गेल्यावर रमाबाई अगदीं एकट्या पडल्या. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांनीं भावाचे स्नेही बिपिन बिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. पति दुसऱ्या जातीचे व दुसऱ्या प्रांताचे. त्यामुळें लोकांनीं फार नांवें ठेविलीं. सिलचर येथें त्यांचा संसार सुरू झाला. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा नांवाची कन्या झाली; आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें पतीचें निधन झालें. तेविसाव्या वर्षीं वैधव्य, आणि कडेवर दहा महिन्यांचें मूल! विधवेचें जिणें कसें असतें हें त्यांस आतां ग्रंथांतून वाचावयाचें राहिलें नव्हतें.

१८८२ सालीं रमाबाई पुण्यास आल्या. महादेव गोविंद रानडे, भांडारकर इत्यादि सुधारक मंडळींनीं त्यांचें स्वागत केलें. १ जून रोजीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे ह्यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला, आणि ह्या दोघी रमाबाई मिस हर्फर्ड नांवाच्या बाईंपाशीं इंग्रजी शिकूं लागल्या. घरांतील बायकांनीं टोंचून बोलावें आणि ह्या दोघींनीं धडा पाठ करावा, असे ते दिवस होते. त्याच वर्षीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना पंडिताबाईंनीं स्त्रियांस स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर मिळाले पाहिजेत असें आग्रहानें मांडिलें.

आपणच वैद्यकी शिकावी असें त्यांच्या मनानें घेतलें. आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा गांठीं बांधून १८८३ सालीं त्या मुलीसह विलायतेस गेल्या, व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहिल्या. ह्याच मंडळाच्या भगिनी पुण्यास पंचहौद मिशनांत काम करीत. सिलचर येथें पतीच्या ग्रंथसंग्रहांत लूकचें शुभवर्तमान त्यांच्या हातीं आलें होतें. पुण्यास नेहेम्या गोऱ्हेशास्त्री ह्यांच्याशीं त्यांचीं धर्मविषयक संभाषणें झालीं होतीं. वाँटेजच्या भगिनी पतित स्त्रियांची सेवा किती ममतेनें करितात हें पाहून त्यांचें मन पुरतें वळलें, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी पुण्यास आली तेव्हां मोठी खळबळ झाली. ज्या स्नेह्यांनीं त्यांस मानानें वागविलें होतें त्यांपैकीं कित्येकांस हा विश्वासघात वाटला. उलट विलायतेंतील मंडळींस वाटलें कीं आतां ही बाई आम्ही सांगूं तें निमूटपणें मानील. दोघांचाही अंदाज चुकला. रमाबाईंनीं नवा धर्म घेतला, पण आपलें शाकाहारी अन्न, आपली साडी व आपली विचारशक्ति ह्यांपैकीं एकही टाकिलें नाहीं. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां असावीं, आपल्या देशाच्या संस्कृत भाषेंतील कां नसावीं, असा प्रश्न त्यांनीं विचारिला. चर्चची एखादी शिकवण पटली नाहीं तर त्या तसें स्पष्ट लिहीत. सिस्टर जेराल्डिन ह्यांस त्या आईसमान मानीत. तरीही दोघींच्या पत्रांत कडक वाद झालेले आहेत. वाद झाला म्हणून माया तुटली नाहीं, आणि माया होती म्हणून रमाबाईंनीं मत लपविलें नाहीं. मैत्री कशी असावी ह्याचा हा एक नमुना आहे.

ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. मग चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत डोरोथिया बील ह्या थोर शिक्षिकेच्या हाताखालीं त्या स्वतः शिकल्या व संस्कृत शिकवीत राहिल्या. १८८६ च्या आरंभीं त्या अमेरिकेस गेल्या, त्या एका मैत्रिणीसाठीं. आनंदीबाई जोशी ह्या फिलाडेल्फिया येथें ११ मार्च १८८६ रोजीं डॉक्टरची पदवी घेणार होत्या, आणि त्या समारंभास आपल्या देशाचें कोणी तरी माणूस असावें म्हणून रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या. एकीनें धर्म बदलला होता, दुसरीनें बदलला नव्हता. पण त्या दिवशीं ही गोष्ट कोणाच्या आड आली नाहीं. पुढच्याच वर्षीं २६ फेब्रुवारीस आनंदीबाई पुण्यास क्षयानें निवर्तल्या. त्यांचें वय तेव्हां पुरें बाविसावें वर्षही उलटलें नव्हतें.

अमेरिकेंत रमाबाई सुमारें तीन वर्षें राहिल्या. तेथें त्यांनीं बालोद्यानाची शिक्षणपद्धति अभ्यासिली, गांवोगांवीं व्याख्यानें दिलीं, व हिंदु विधवांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ त्यांनीं आपल्या मातोश्रींच्या स्मृतीस अर्पण केला आहे. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेकरितां दहा वर्षें साहाय्य देण्याचें अभिवचन मिळालें. नंतर जपानमार्गें त्या स्वदेशीं परतल्या. अमेरिकेच्या लोकस्थितीचें व आपल्या प्रवासाचें वर्णन करणारें त्यांचें मराठी पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध झालें.

११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे मैत्रिणीच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, मुंबईस ‘शारदासदन’ उघडलें. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. ह्याच गोदूबाईंचा पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि अण्णासाहेब कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यांत त्यांनीं जन्मभर साथ दिली. १८९० च्या नोव्हेंबरांत सदन पुण्यास आलें. मुलींस आपापला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, कोणावर धर्माचा दाब नसावा, असें ठरलें होतें. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडें ठेवून करीत. कांहीं मुली आपखुषीनें तेथें येऊन बसूं लागल्या. ह्यावरून वर्तमानपत्रांत, विशेषतः ‘केसरी’त, कडक टीका झाली. १८९३ सालीं रानडे-भांडारकरांनीं सल्लागार मंडळांतून अंग काढून घेतलें, आणि बऱ्याच पालकांनीं मुली परत नेल्या.

ह्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आपली मुलगी ज्या श्रद्धेंत वाढविली तिच्यापासून ती दुरावूं नये, असें पालकांस वाटणें स्वाभाविक होतें. उलट आपण जें मनापासून मानितों तें चोरून कां करावें, असें रमाबाईंस वाटणेंही स्वाभाविक होतें. ज्या शाळेंत अनेक धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात तेथें हा प्रश्न कोणत्याही काळीं जुना होत नाहीं. विश्वास मिळविण्यास वर्षें लागतात आणि तो जाण्यास एक दिवस पुरतो; म्हणून दोन्ही बाजूंनीं फार जपून वागावें लागतें, हा बोध त्यांतून घेण्यासारखा आहे. रमाबाईंनीं मात्र शाळा बंद केली नाहीं. राहिलेल्या मुलींस घेऊन त्या शिकवीत राहिल्या.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. बालपणीं भोगलेली भूक त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या व अन्नान्न करणाऱ्या शेंकडों मुलींना घेऊन आल्या. इतक्यांत पुण्यांत प्लेग सुरू झाला; शहरांत इतक्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. तेव्हां केडगांव येथें घेऊन ठेविलेल्या शंभर एकर जमिनीवर त्यांनीं सर्वांस नेलें. आरंभीं तेथें उघडें माळरान होतें. विहिरी खणल्या, झाडें लाविलीं, इमारती उठल्या, आणि ‘मुक्तिसदन’ उभें राहिलें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. वाचन-लेखनाबरोबर विणकाम, शिवणकाम, शेती, दुभतें, तेलाचा घाणा असे नाना उद्योग त्यांस शिकविले जात. आंधळ्या स्त्रियांस बोटांनीं वाचावयास शिकविण्याची सोय होती. छापखान्यांत खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचीं कामें स्त्रियाच करीत.

आयुष्याच्या उत्तरकाळीं रमाबाईंनीं एक अवघड काम अंगावर घेतलें. साध्या बायाबापड्यांस कळेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करावें, म्हणून उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, आणि वर्षानुवर्षें तें काम चालविलें. ज्या मुलीनें एके काळीं पहांटे आईच्या मागून संस्कृत श्लोक म्हटले होते तीच ही वृद्धा. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. पण अखेरचा घाव अजून बाकी होता. आपल्यामागें संस्थेचा भार जिनें वाहावयाचा ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजीं आईच्या आधीं गेली. रमाबाई खचल्या नाहींत; भाषांतराचें काम त्यांनीं तडीस नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें शांतपणें देह ठेविला. त्यांचें भाषांतर १९२४ सालीं समग्र छापून निघालें.

मित्रहो, रमाबाईंचें आयुष्य पाहिलें म्हणजे त्यांत वियोगांची एक लांब माळ दिसते. आईबाप, बहीण, भाऊ, पति, मैत्रीण आणि शेवटीं एकुलती एक मुलगी. मतभेदामुळें दुरावलेले स्नेही ते निराळेच. तरीही प्रत्येक वियोगानंतर त्यांच्या घरांत माणसें वाढतच गेलीं. कारण जें आपणांस मिळालें नाहीं तें दुसऱ्यास मिळावें, अशी त्यांची वृत्ति होती. ज्यास घर नव्हतें त्यानें घर बांधिलें, जी उपाशी राहिली तिनें हजारोंस अन्न घातलें.

आपल्यापैकीं कोणासही आज शिकण्यासाठीं रानांत जाऊन राहावें लागत नाहीं. शाळेची घंटा वाजते, बांक तयार असतो, शिक्षक वाट पाहत असतात. घरीं आईनें पहांटे उठविलें तर आपण कुरकुर करितों. पुढच्या वेळीं तसें झालें तर गंगामूळच्या त्या माउलीचें स्मरण करावें. आणि पालकांसही एक विनंती : अनंतशास्त्र्यांनीं पत्नीच्या हातीं दिलेली विद्या दोन पिढ्यांत केडगांवच्या माळावर पोंचली. आपल्या मुलीस आज शिकविलेलें एक अक्षर कोठवर जाईल हें कोणास सांगतां येत नाहीं. सुट्टींत सवड झाली तर एक दिवस केडगांवास जावें, आणि त्या बाईंचें काम डोळ्यांनीं पाहून यावें.